आयडीपी आणि उमश्रायबुंग: वर्षभर की सहाच महिने?

‘माझ्याकडे आयडीपी आहे, वर्षभर गाडीची चिंता नाही,’ असं जर्मनीत नुकतं आलेलं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, इथे राहायला येऊन किती महिने झाले?

आयडीपी, म्हणजे इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, आपला आरटीओ १००० रुपयांत देतो. मुदत एक वर्ष. नावात परमिट असलं तरी ते तुमच्या लायसन्सचं भाषांतर आहे. मूळ लायसन्स खिशात नसेल तर त्याला कुणी विचारत नाही. पंधरा दिवस फिरायला आलेल्याला तेवढं पुरतं. पण इथे बिऱ्हाड केलंत की भारतीय लायसन्स साधारण सहा महिनेच चालतं, आणि मूळच चालेनासं झालं की भाषांतरावर कुठलीही तारीख असो. त्यानंतर स्टिअरिंग हातात घेतलं तर तो फौजदारी गुन्हा: दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद.

उमश्रायबुंग म्हणजे ते लायसन्स जर्मन करून घेणं. शब्दावरून वाटतं, खिडकीवर जुनं द्यायचं, नवं घ्यायचं. जपानी माणसाचं जवळपास तसंच होतं, कारण परीक्षेशिवाय लायसन्स बदलून मिळणाऱ्या देशांच्या यादीत जपान आहे. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा आल्या. शिवाय डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा कोर्स. सूट एकच: नवशिक्यांना असतात तसे सक्तीचे तास नाहीत. तरी चार-सहा तास घ्याच. लेखीत ३० प्रश्न, इंग्रजीतही देता येते. खरी गंमत प्रत्यक्ष परीक्षेत. परीक्षक मागे, शिकवणारा शेजारी, आणि त्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक. त्याने तो दाबला की तुम्ही नापास. मी पुण्यात बारा वर्षं चालवलेली. इथे पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. मी सवयीने पुढे घुसलो, ब्रेक शेजारून लागला. फी पुन्हा भरली.

अर्ज सहा महिन्यांनंतरही करता येतो, फक्त तोवर बस-ट्रेन. नवं कार्ड देताना भारतीय लायसन्स जमा करून घेतात. मग सुट्टीत घरी जाऊन गाडी चालवायची तर पुन्हा आयडीपी, फक्त या वेळी जर्मन कार्यालयातून.