जपानी नर्तकांचा किमोनो : प्रसंगांची प्रतवारी आणि ‘सुओदोरी’

जपानी पारंपरिक नृत्यात कोणत्या प्रसंगी कोणता किमोनो घालावा, याचे आज पाळले जाणारे नियम प्राचीन आहेत असा समज आहे. प्रत्यक्षात त्यांतील बराचसा भाग १८६८ नंतरच्या मेइजी काळात पक्का झाला. त्याआधी वेषावर जी बंधने होती ती प्रामुख्याने उधळपट्टी रोखण्यासाठीची होती. १६८३ च्या हुकुमाने स्त्रियांच्या वस्त्रांवरील सोनेरी काम, भरतकाम आणि अंगभर बांधणी यांना मनाई झाली. पुढेही असे हुकूम निघत राहिले.

मेइजी काळात काळा, पाच कुलचिन्हांचा किमोनो सर्वोच्च औपचारिक वेष म्हणून रूढ झाला. पाठीवर एक, दोन्ही बाह्यांच्या मागे एकेक आणि छातीवर दोन अशी ही चिन्हे असतात. रंगवताना तेवढे वर्तुळ पांढरे राखून नंतर बारीक कुंचल्याने त्यात रेषा भरतात. स्त्रियांच्या किमोनोवरील चिन्ह जेमतेम दोन सेंटिमीटरचे, पुरुषांचे त्याच्या जवळपास दुप्पट. चिन्हे पाचावरून तीनावर, तीनावरून एकावर आली की दर्जा उतरतो. राखून रंगवलेल्या चिन्हाऐवजी भरतकामाचे चिन्ह असेल तरी तो उतरतो.

क्योतोच्या गिओन या गेइशांच्या (पारंपरिक नर्तकी-गायिकांच्या) वस्तीत ही प्रतवारी अजून डोळ्यांनी पाहता येते. मुलगी माइको, म्हणजे शिकाऊ गेइशा, म्हणून प्रथम बाहेर पडते तेव्हा सुरुवातीचे दिवस ती काळ्या चिन्हांकित किमोनोत घरोघरी जाते. नववर्षाच्या आरंभी तोच मान असतो आणि केसांत भाताची लोंबी खोवलेली असते. एक ऑगस्टला गुरू आणि चहागृहांना भेटी देताना पुन्हा काळाच किमोनो, पण झिरझिरीत ‘रो’ कापडाचा, कारण औपचारिकता ऋतूला ओलांडू शकत नाही. याउलट १८७२ पासून चालत आलेल्या ‘मियाको ओदोरी’ या वसंतातील प्रयोगात समूहनर्तकी एकसारख्या निळ्या किमोनोत येतात. तो रंगमंचाचा पोशाख आहे, त्यामुळे त्याला मानाच्या उतरंडीत बसवणे चूक ठरेल.

खरा गुंता ‘सुओदोरी’ या शब्दाचा आहे. ‘सु’ म्हणजे साधे, काही न चढवलेले. म्हणून सुओदोरी म्हणजे साध्या कपड्यांतले नृत्य असा अर्थ अनेकदा लावला जातो. येथे ‘साधे’ म्हणजे भूमिकेचा वेष, टोप आणि रंगभूषा यांशिवायचे. अंगावर मात्र चिन्हांकित किमोनो, पुरुष असल्यास त्यावर बहुधा हाकामा (कमरेपासून घालायचे चुण्यांचे घेरदार वस्त्र). औपचारिकतेत ही जवळजवळ वरची पायरी. नृत्याला काबुकी या पारंपरिक नाट्यप्रकारापासून वेगळी, स्वतंत्र कला मानावे हा विचार १९०४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रबंधाने जोरकसपणे मांडला, आणि त्यानंतरच्या दशकांत सुओदोरीला स्वतःची प्रतिष्ठा लाभली. हाकामा घातलेला प्रौढ पुरुष तरुणीची भूमिका नाचतो, मिटलेला पंखा सुरई होतो, उघडला की प्याला होतो. प्रेक्षकाला ती तरुणी दिसायची तर कापडाने आधीच काही सांगून टाकता कामा नये. चिन्हांकित एकरंगी वस्त्र हे त्यासाठीच योग्य आहे, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

हे सर्वांना मान्य नाही. स्त्री नर्तकी आज सुओदोरीत घोळावर नक्षी असलेले, कधी जमिनीवर लोळणारे रंगीत किमोनोही वापरतात, आणि त्यामागे सबळ कारण आहे : हाकामा मुळात पुरुषी रेषा देतो, त्यात स्त्रीच्या चालीतला घोळाचा खेळ हरवतो. परंतु नक्षी भूमिकेकडे बोट दाखवू लागली की ते वेषभूषेचे नृत्य झाले, त्याला सुओदोरी म्हणणे कठीण. ही सीमा कोठे आखायची, हे आजही प्रत्येक परंपरेतले गुरू आपापल्या परीने ठरवतात.

उतरंडीच्या खालच्या टोकाला युकाता हा साधा सुती किमोनो आहे. सराव त्यातच होतो, आणि उन्हाळ्यात शिष्यांचे छोटे सादरीकरणही मुद्दाम युकातात ठेवतात. तेथेही ओबी (कमरेचा रुंद पट्टा) गुरूच्या नजरेला पटेल इतकी नीट बांधलेली असावी लागते. नृत्यनाम, म्हणजे परंपरेने दिलेले नर्तकाचे नाव, मिळालेल्या शिष्याला परंपरेचे चिन्ह लावण्याचा अधिकार मिळतो. त्यानंतर त्याच्या किमोनोवरचे ते इवलेसे पांढरे वर्तुळ त्याच्या कुळाऐवजी गुरुपरंपरेची ओळख सांगू शकते.