कार्लोफोर्ते: सार्डिनियाच्या समुद्रात जिनोव्हाची बोली

इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या नैऋत्य टोकाशी सान पिएत्रो नावाचं जेमतेम 51 चौरस किलोमीटरचं बेट आहे आणि त्यावर एकच गाव, कार्लोफोर्ते. सार्डिनियातल्या पोर्तोवेस्मे बंदरातून फेरीबोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. धक्क्यामागे फिकट रंगांची घरं, दुपारी दुकानं बंद. पण इथे लोक सार्डिनियन बोलत नाहीत. त्यांची बोली तबार्किनो, म्हणजे उत्तर इटलीतल्या जिनोव्हा शहराकडची लिगुरियन, वाटेत दोनशे वर्षं ट्युनिशियाजवळ मुरलेली.

1540 च्या सुमारास जिनोव्हाच्या लोमेल्लिनी घराण्याला ट्युनिशियाच्या किनाऱ्यालगतच्या तबार्का बेटावर पोवळी काढण्याचा मक्ता मिळाला. जिनोव्हाजवळच्या पेल्यीचे कोळी तिथे वसले. पुढे पोवळी कमी झाली, तोंडं वाढली. सार्डिनियाचा राजा कार्लो इमानुएले तिसरा यालाही ओसाड बेटावर माणसं हवीच होती. 1738 मध्ये त्याने सान पिएत्रो देऊ केलं. गावाच्या नावातला कार्लो तोच. जे तबार्कातच राहिले त्यांना 1741 मध्ये ट्युनिसच्या बेने, म्हणजे तिथल्या शासकाने, गुलाम केलं.

नव्या गावालाही स्वस्थता मिळाली नाही. 1793 मध्ये फ्रेंचांनी काही महिने बेट घेतलं. राजाचा पुतळा त्यांच्या हाती लागू नये म्हणून गावकऱ्यांनी तो पुरला आणि त्यात त्याचा हात मोडला, असं गावात सांगतात. पुतळा धक्क्यावर आजही थोटाच आहे. खरा घाव बसला सप्टेंबर 1798 मध्ये: ट्युनिसचे चाचे नऊशेहून अधिक माणसं उचलून घेऊन गेले. खंडणी भरून ती सुटली 1803 मध्ये. कैदेत सापडलेली मरियमची काळी लाकडी मूर्ती त्यांनी सोबत आणली. दर 15 नोव्हेंबरला ‘गुलामांच्या माउली’चा सण होतो. काश्का हा भाज्या घातलेला कुसकुसचा पदार्थही तिकडचाच. छळ आणि चव एकाच किनाऱ्यावरून आली.

पोटापाण्याचा जुना आधार ब्लूफिन टूना. मे-जूनमध्ये हा मासा अंडी घालायला किनाऱ्याकडून जातो, तेव्हा चरबीने भरलेला असतो. किनाऱ्यापासून समुद्रात जाळ्याची आडवी भिंत रोवतात. अडलेला मासा खोल पाण्याकडे वळतो आणि नेमका जाळ्याच्या खणांत शिरतो. एकामागून एक दारं उघडत त्याला शेवटच्या खणात आणतात. तळाला जाळं फक्त याच खणाला असतं, कारण तेच वर ओढायचं असतं. त्याचं नाव मृत्यूचा खण. मिस्ट्राल वाऱ्याने पाण्याला ओढ आली की भिंती तिरक्या होतात, तळाशी फट पडते आणि कळप निसटतो. म्हणून कधी थांबायचं हे ठरवणारा माणूस सगळ्यात मोलाचा. त्याला ‘रईस’ म्हणतात. आपल्याकडे या शब्दाचा धनवान झाला. इथे अरबीतला ‘प्रमुख’ हा मूळ अर्थ टिकला. माशातलं वाया फारसं काही जात नाही: गाभोळी खारवून दाबतात, मांसाच्या पट्ट्या मिठात वाळवतात, उरलेलं तेलात डबाबंद.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक धंदा जोडला गेला. समोरच्या सार्डिनियन किनाऱ्यावर शिसं आणि जस्ताच्या खाणी होत्या, पण मोठी जहाजं लागतील असं बंदर नव्हतं. कार्लोफोर्तेचे हमाल-खलाशी पाठीवर टोपल्या वाहून शिडाच्या होड्या भरत, माल इथे आणून पुन्हा जहाजावर चढवत. 1924 मध्ये त्याच किनाऱ्यावरच्या मासुआच्या कड्यात पोर्तो फ्लाविया हे बंदर खोदलं गेलं आणि तिथलं खनिज डोंगराच्या पोटातून पट्ट्यावरून थेट जहाजात पडू लागलं. मासुआची खेप या होड्यांच्या हातून गेली.

त्याआधी, 1899 मध्ये, पहाऱ्याच्या सान व्हित्तोरिओ बुरुजाला वेगळंच काम मिळालं. पृथ्वीचा ध्रुव किती डगमगतो हे मोजायला 39 अंश 8 मिनिटे उत्तर या एकाच अक्षांशावर सहा वेधशाळा उभारल्या. जपानमधलं मिझुसावा त्यांतलंच. सगळीकडून तेच तारे पाहिले की ताऱ्यांच्या यादीतल्या चुका निकालावर परिणाम करत नाहीत. चाच्यांसाठी बांधलेल्या बुरुजावरून माणसं आकाश पाहू लागली.

बोली मात्र पोरांच्या तोंडीही राहिली. सार्डिनियाच्या प्रांतिक कायद्याने 1997 मध्ये तिची दखल घेतली. दोन वर्षांनी इटलीने अल्पसंख्य भाषांचा राष्ट्रीय कायदा केला, त्यात सार्डिनियन आहे, तबार्किनो नाही.