अद्भुतरम्य कादंबरी (मराठी)

पुराणे, लोककथा आणि जुन्या कथासंग्रहांतले यक्ष, गंधर्व, अप्सरा, शाप, वेषांतर, पुनर्जन्म असले सामान घेऊन त्यात नायक-नायिकेची प्रेमकथा गुंफणारा कथाप्रकार. छापील मराठी कादंबरीत त्याचा भर साधारण १८६० ते १८८५ या काळात होता. अभ्यासक्रमात त्याची ओळख ‘हरिभाऊंच्या (कादंबरीकार ह. ना. आपट्यांच्या) आधीचे’ एवढीच करून दिली जाते आणि विद्यार्थी पुढचे पान उलटतो. या प्रकारात बाळबोधपणा पुष्कळ आहे हे खरेच. पण एकोणिसाव्या शतकातल्या मराठी लेखकाला प्रेमकथा लिहायची झाली की अद्भुताच्या दाराशी का जावे लागले, हा प्रश्न त्यामुळे झाकला जातो.

या कथांचे मूळ शोधत गेले की वाट पैठणला पोचते. गुणाढ्याची बृहत्कथा पैशाची भाषेत होती. मूळ ग्रंथ आज नाही. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये क्षेमेंद्राने आणि सोमदेवाने केलेल्या संस्कृत रूपांतरांतून ती आपल्याला माहीत आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात गुणाढ्य हा प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, सातवाहन राजाचा मंत्री आहे. जलक्रीडेत राणी ‘मोदकैः’ म्हणाली, म्हणजे ‘पाणी उडवू नका’. राजाने मोदक मागवले आणि सगळ्यांसमोर त्याचे हसे झाले. मग त्याने संस्कृत शिकायचा ध्यास घेतला. गुणाढ्य म्हणाला सहा वर्षे लागतील, दुसरा मंत्री शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत शिकवतो. पैज गुणाढ्य हरला आणि ठरल्याप्रमाणे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडल्या. उरली पिशाचांची भाषा. तिच्यात त्याने स्वतःच्या रक्ताने सात लाख श्लोक लिहिले. राजाने ते नाकारले तेव्हा तो अरण्यात एकेक पान वाचायचा आणि अग्नीत टाकायचा. भोवती जमलेले पशुपक्षी चरायचे सोडून रडत ऐकत राहिले. राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस सुकले, राजा आजारी पडला, कारण कळले तसा धावत आला, तोवर सहा लाख श्लोक जळून गेले होते. वाचलेला एक लाख श्लोकांचा भाग नरवाहनदत्ताचा. उदयन-वासवदत्तेचा हा मुलगा पळवून नेलेल्या पत्नी मदनमंचुकेच्या शोधात निघतो, वाटेत कितीतरी विद्याधरींशी लग्ने करतो आणि शेवटी विद्याधरांचा चक्रवर्ती होतो. पुढच्या अद्भुतरम्य प्रेमकथांचा सांगाडा यात जवळजवळ तयारच आहे. सातव्या शतकातल्या बाणभट्टाची कादंबरीही याच कथासाठ्यावर उभी आहे. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता या जोड्यांना एकमेकांपर्यंत पोचायला तिथे एक जन्म पुरत नाही.

मराठी कवितेत पौराणिक प्रेमकथा स्वयंवराच्या रूपाने आली. महानुभाव कवी नरेंद्राचे रुक्मिणीस्वयंवर, एकनाथांनी १५७१ साली काशीत पुरे केलेले रुक्मिणीस्वयंवर आणि रघुनाथ पंडिताचे, हंसाच्या दूतकर्मामुळे लक्षात राहणारे नलदमयंती स्वयंवराख्यान ही तिची ठळक उदाहरणे. मनासारखा नवरा मिळावा म्हणून एकनाथांच्या ग्रंथाचे पारायण करण्याची चाल उपवर मुलींमध्ये होती. पत्र लिहून नवरा निवडणाऱ्या आणि त्याच्या रथात बसून निघून जाणाऱ्या नायिकेची पोथी आईबापच मुलीच्या हाती देत. ती देवाची गोष्ट होती म्हणून हे चालत असे.

छपाई आल्यावर पहिल्या पुस्तकांत हाच माल होता. सिंहासनबत्तिशी १८१४ साली श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यात छापली गेली, सदाशिव काशीनाथ छत्र्यांची वेताळपंचविशी १८३० ची. पुढे कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठीत आणायला सुरुवात केली. ज्या वर्गाने या गोष्टी चवीने वाचल्या त्याच वर्गासाठी लक्ष्मणशास्त्री हळब्यांनी मुक्तामाला (१८६१) आणि रत्नप्रभा (१८६६) लिहिल्या, तर नारो सदाशिव रिसबुडांनी मंजुघोषा (१८६८) आणि विश्वासराव (१८७०). बहुतेक पुस्तकांना नायिकेचे नाव आहे, तेही संस्कृत कथेतून उचलल्यासारखे. मंजुघोषा हे अप्सरेचे नाव आणि रत्नप्रभा हे कथासरित्सागराच्या सातव्या लंबकाचे, म्हणजे विभागाचे. आतले जगही तसेच: ओळखता न येणारी राज्ये, अरण्ये, दरोडेखोर, ताटातूट, लांबलचक समास आणि शेवटी सद्गुणांचा विजय. या पुस्तकांतली वर्णने आज सलग वाचवत नाहीत. चंद्रोदय झाला की दोन पाने गेली म्हणून समजावे.

मंजुघोषेची प्रस्तावना मात्र आजही वाचावी अशी आहे. रिसबूड तिथे लेखकाची अडचण उघडपणे मांडतात. आपली लग्नाची रीत आणि इतर काही कारणे यांमुळे हिंदूंच्या आयुष्यात ना मन वेधणारे दुर्गुण सापडतात ना सद्गुण. रोज अनुभवाला येते तेच लिहिले तर त्यात मन रमणार नाही. म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडे वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. यावर पळपुटेपणाचा शिक्का मारणे सोपे आहे. पण तेव्हाचे घर डोळ्यांपुढे आणावे. मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी झालेले, नवराही पोरगेलाच, चारचौघांत एकमेकांशी बोलणे मर्यादेबाहेरचे. संमतिवय दहाचे बारा करणारा कायदा १८९१ चा आहे आणि तेवढ्यावरूनही पुण्यात रण माजले होते. दोन प्रौढ माणसे एकमेकांना पाहतात, मनाने गुंततात, नकार देऊ शकतात, वाट पाहतात ही गोष्ट सदाशिव पेठेत घडवायची कुठे? ती गंधर्वनगरीतच घडवता येत होती. १८५७ साली यमुनापर्यटन लिहिणाऱ्या बाबा पदमनजींनी वास्तव घेतले, तेव्हा त्यांच्या हाती प्रणय लागला नाही, विधवांची दुःखे लागली. दोन्ही लेखक एकाच समाजाकडे पाहत होते.

रंगभूमीने ही अडचण जास्त हुशारीने सोडवली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या संगीत सौभद्रात (१८८२) बलरामाने सुभद्रेचे लग्न दुर्योधनाशी ठरवले आहे आणि तिचे मन अर्जुनावर आहे. घटोत्कच तिला मायेने पळवतो, अर्जुन त्रिदंडी संन्यासी होऊन सासुरवाडीतच मुक्काम ठोकतो आणि सगळी सूत्रे कृष्ण हलवतो. राक्षस आहे, माया आहे, पण कृष्ण-रुक्मिणीची लाडीगोडी अगदी वाड्यातल्या माजघरातली. देवादिकांच्या नावाखाली मराठी प्रेक्षकांनी आईबापांचा बेत मोडणाऱ्या लग्नाला वर्षानुवर्षे टाळ्या दिल्या. खाडिलकरांच्या विद्याहरण (१९१३) आणि स्वयंवर (१९१६) या नाटकांनी पौराणिक प्रेमकथेची ही वाट पुढे चालू ठेवली.

कादंबरीत मात्र हरिभाऊ आपट्यांच्या मधली स्थितीने (१८८५) वारे फिरवले. अद्भुत संपले नाही, त्याची पंगत बदलली. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना मराठी कपडे चढवले, नाथमाधवांची वीरधवल (१९१३) वाचकांनी डोक्यावर घेतली, आणि १९५२ पासून निघू लागलेल्या चांदोबा मासिकाच्या मराठी आवृत्तीतून विक्रम-वेताळ मुलांच्या हाती गेले. प्रतिष्ठित साहित्याने पुराण ठेवले आणि चमत्कार वगळला. वि. स. खांडेकरांची ययाति (१९५९) हे याचे सर्वांत यशस्वी उदाहरण. महाभारतात ययाती मुलाचे तारुण्य घेऊन हजार वर्षे भोग भोगतो. कादंबरीत ते उसने तारुण्य फार थोडा वेळ टिकते, कारण खांडेकरांना शापापेक्षा वासनेचे मानसशास्त्र हवे होते. जी. ए. कुलकर्णी हा अपवाद. रमलखुणातली ‘इस्किलार’ किंवा पिंगळावेळमधली ग्रीक कथेवरची ‘ऑर्फियस’ यांत अद्भुताला पुन्हा प्रौढांचा वाचक मिळाला.

या साऱ्या छापील परंपरेत एक चुकामूक झाली आहे. शास्त्रीबुवा बाणभट्टाकडे आणि बगदादकडे पाहत असताना जेजुरीच्या जागरणात वाघ्या-मुरळी रात्रभर एक प्रेमकथा गात होते. म्हाळसेशी सारीपाटात हरलेला खंडोबा पणाप्रमाणे बारा वर्षांसाठी घर सोडतो आणि वेष पालटून धनगरांच्या वाड्यावर चाकरीला राहतो. चंदनपुरीच्या बाणाईवर त्याचा जीव जडलेला असतो. मेंढरे धुवायला सांगितली तर तो ती दगडावर आपटून मारतो. लग्नाचा शब्द मिळाल्यावरच जिवंत करतो. पाठभेद अनेक आहेत, पण देवाने चाकर होणे आणि जातीबाहेरची बायको करणे हे दोन धागे सुटत नाहीत. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, आणखी तीन बायका शिंपी, माळी आणि मुसलमान समाजातल्या सांगतात. बाणाईला घरी आणल्यावर सवतींचे जे भांडण जुंपते त्यावर गाणीच्या गाणी आहेत. जेजुरीचा गड चढताना बाणाईचे देऊळ अर्ध्या वाटेवर लागते. म्हाळसा वर, देवाशेजारी. रिसबुडांना रोजच्या जगण्यात न सापडलेले प्रेम, हट्ट, मत्सर, जातीचा अडसर हे सगळे इथे होते. फक्त ते त्यांच्या वर्गाच्या वाचनात नव्हते.

खंडोबा, म्हाळसा आणि बाणाईची ही कथा २०१४ ते २०१७ या काळात झी मराठीवर जय मल्हार या मालिकेच्या रूपाने घरोघरी पाहिली गेली. दरम्यान अद्भुतरम्य प्रेमकथा मोबाइलवरच्या क्रमशः लेखनात परतली आहे. प्रतिलिपीसारख्या मंचांवर इच्छाधारी नागीण, गतजन्मीचा प्रियकर, वाड्यातली शापित मुलगी अशा कथांचे भाग लिहिले-वाचले जातात. भाग ऐन मोक्याच्या जागी तुटतो आणि खाली वाचक ‘पुढचा भाग लवकर टाका’ म्हणून मागे लागतात.