तिसऱ्या उमेदवाराला मते का पडतात : अमेरिकी निवडणुकांची पार्श्वभूमी

अमेरिकेत तिसऱ्या, म्हणजे डेमोक्रॅट आणि रिपब्लिकन या दोन मोठ्या पक्षांबाहेरच्या उमेदवाराला मत देणाऱ्याला तो निवडून येणार नाही हे पक्के ठाऊक असते. तरी मत पडते. ते कधी आणि किती पडते हे नाराजीइतकेच निवडणुकीच्या नियमांवरही ठरते, आणि चर्चेत नेमके हेच नियम मागे राहतात.

एकोणिसाव्या शतकात मतपत्रिका पक्षच छापून वाटत. छोटा पक्ष स्वतःच्या पत्रिकेवर मोठ्या पक्षाचा उमेदवार छापू शके, त्यामुळे मत वाया जाण्याची भीती फारशी नव्हती. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्यभर सरकारी मतपत्रिकेचा कायदा केला आणि इतर राज्यांनी तोच मार्ग धरला. आता पत्रिकेवर नाव कोणाचे, हा प्रश्न कायद्याचा झाला. बहुतेक राज्यांनी एकाच उमेदवाराला दोन पक्षांकडून उभे राहण्यास बंदी घातली. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिनेसोटातली ही बंदी उचलून धरली. न्यूयॉर्कमध्ये मात्र ती पद्धत आजही आहे. तिथला मतदार मोठ्या पक्षाच्याच उमेदवाराला छोट्या पक्षाच्या रकान्यातून मत देतो आणि आपला दबाव मोजून दाखवतो.

पत्रिकेवर नाव आणायचे तर सह्या गोळा कराव्या लागतात. ओहायोत नव्या पक्षाला मागील गव्हर्नर निवडणुकीतल्या मतांच्या १५ टक्के सह्या लागत. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला. पण गोळा केलेल्या सह्यांत गळती आजही होतेच. नाव मतदारयादीशी जुळत नाही, पत्ता दुसऱ्या काउंटीचा (जिल्ह्याचा) निघतो, एकाच माणसाची सही दोनदा येते. टेक्सासमध्ये त्या वर्षीच्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत मत दिलेल्याची सही बाद होते. म्हणून गरजेपेक्षा बऱ्याच जास्त सह्या गोळा कराव्या लागतात, आणि छोट्या पक्षाचा पैसा प्रचाराआधीच संपतो.

१९६८ मध्ये दक्षिणेतल्या एका माजी गव्हर्नरला १३.५ टक्के मते आणि पाच राज्यांतून ४५ इलेक्टोरल मते (राज्यांच्या वाट्याची, प्रत्यक्ष अध्यक्ष ठरवणारी मते) मिळाली. कोणालाच बहुमत मिळू द्यायचे नाही आणि मग सौदा करायचा, हा त्या मोहिमेचा उघड हिशोब होता. १९८० मधला अपक्ष उमेदवार उन्हाळ्यातल्या जनमत चाचण्यांत २० टक्क्यांच्या वर होता, प्रत्यक्षात ६.६ वर आला. ही घसरण जवळपास दर वेळी दिसते. मतदान जवळ आले की नावडत्या दोघांपैकी जास्त नावडत्याची भीती वरचढ ठरते.

१९९२ हे याला अपवाद. टेक्सासचे एक अब्जाधीश उद्योगपती जूनमध्ये चाचण्यांत पहिले होते. जुलैत त्यांनी माघार घेतली आणि १ ऑक्टोबरला ते परतले तेव्हा पाठिंबा दहा टक्क्यांच्याही खाली होता. मग अध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरील तिन्ही वादचर्चांत त्यांना स्थान मिळाले आणि शेवटी १८.९ टक्के मते पडली, म्हणजे जवळपास दोन कोटी. इलेक्टोरल मत एकही नाही. मेन राज्यात ते विद्यमान अध्यक्षांच्याही पुढे, दुसऱ्या क्रमांकावर होते. मतदानोत्तर पाहणीत त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती दोन्ही पक्षांत जवळपास सारखी विभागलेली दिसली, आणि बऱ्याच जणांनी ते नसते तर आम्ही मतदानालाच आलो नसतो असे सांगितले. 'त्यांनी मते खाल्ली' असे आजही म्हटले जाते, पण आकडे त्याला आधार देत नाहीत.

पुढचा निर्णय सगळ्यात वादग्रस्त, आणि तो नीट समजून घ्यायला हवा. वादचर्चा भरवणारी संस्था १९८७ मध्ये दोन मोठ्या पक्षांच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी मिळून उभी केली होती. १९९६ मध्ये तिने त्याच उद्योगपतींना 'निवडून येण्याची वास्तव शक्यता नाही' म्हणून बाहेर ठेवले. चार वर्षांपूर्वीच्या मतांमुळे त्यांना सुमारे २ कोटी ९० लाख डॉलरचा सरकारी प्रचारनिधी मिळत होता, तरीही. मते ८.४ टक्क्यांवर आली. 'शक्यता' कशी मोजली यावर टीका झाली, तेव्हा २००० च्या सुरुवातीला संस्थेने आकडाच ठरवून टाकला : पाच राष्ट्रीय चाचण्यांची सरासरी १५ टक्के, शिवाय २७० इलेक्टोरल मते मिळू शकतील इतक्या राज्यांत पत्रिकेवर नाव. संस्थेच्या मते यामुळे मनमानी संपली. हा दावा अर्धाच खरा आहे. कोणत्या पाच चाचण्या घ्यायच्या हे संस्थाच ठरवत असे, आणि तिसरे नाव थेट विचारले की आधी दोघांचे विचारून मग, यावरही आकडा हलतो. मुख्य म्हणजे हाच नियम १९९२ मध्ये असता तर ऑक्टोबरमध्ये ते उद्योगपती मंचावर आलेच नसते. मंचावर येण्यासाठी १५ टक्के हवेत आणि १५ टक्क्यांसाठी मंच हवा, अशी ही कोंडी होती.

उरला तो ५ टक्क्यांचा नियम. राष्ट्रीय पातळीवर ५ टक्के मिळाली तर पक्षाला पुढच्या वेळी सरकारी निधी मिळतो. त्यामुळे निकाल आधीच ठरल्यासारखा असलेल्या राज्यातल्या मतालाही किंमत येते. २००० मध्ये पर्यावरणवादी हरित पक्षाने याच मुद्द्यावर मते मागितली. तेव्हाच मतांची अदलाबदलही सुरू झाली : अटीतटीच्या राज्यातल्या हरित मतदाराने डेमोक्रॅट उमेदवाराला मत द्यायचे, बदल्यात टेक्साससारख्या राज्यातल्या डेमोक्रॅटने हरित पक्षाला. २००७ मध्ये एका अपील न्यायालयाने अशा संकेतस्थळांना संविधानाचे संरक्षण असल्याचे मान्य केले. पक्षाला मिळाले २.७ टक्केच.

आणि फ्लोरिडा, जिथल्या निकालाने २००० ची अध्यक्षीय निवडणूक ठरली. रिपब्लिकन उमेदवार डेमोक्रॅटच्या पुढे ५३७ मतांनी, हरित पक्षाची मते ९७,४८८. मतपत्रिकांच्या नोंदींवरून झालेल्या एका अभ्यासात त्यांतले सुमारे ६० टक्के डेमोक्रॅटकडे आणि ४० टक्के रिपब्लिकनकडे झुकलेले आढळले. हे सगळे मतदानाला आले असते असे धरले तर निकाल फिरला असता. पण त्या पत्रिकेवरच्या आठही छोट्या उमेदवारांना ५३७ हून जास्त मते होती; सर्वांत कमी मते मिळालेल्यालाही ५६२. दोष एकट्या हरित मतदाराच्या माथी मारणे म्हणूनच अन्यायाचे आहे.

पुढच्या निवडणुकांवर फ्लोरिडाची छाया राहिली. २०१६ मध्ये दोन्ही मोठे उमेदवार कमालीचे नावडते होते, तेव्हा छोट्या उमेदवारांची एकत्रित मते सहा टक्क्यांच्या आसपास गेली. २०२० मध्ये ती दोन टक्क्यांच्या आत आली.

मेनने २०१६ च्या सार्वमतात पसंतीक्रमाची पद्धत स्वीकारली : मतदार उमेदवारांना क्रम देतो, आणि कोणालाच बहुमत नसेल तर मागे पडलेल्यांची मते पुढच्या पसंतीकडे जातात. २०१८ मध्ये संसदेच्या प्रतिनिधिगृहासाठी तिथल्या दुसऱ्या मतदारसंघात पहिल्या फेरीत विद्यमान सदस्य ४६.३ विरुद्ध ४५.६ टक्क्यांनी पुढे होते. दोन अपक्षांच्या मतदारांची पुढची पसंती मोजल्यावर ते हरले. अलास्काने २०२० मध्ये अशीच पद्धत आणली. २०२४ मध्ये ती रद्द करण्याचा प्रस्ताव काहीशे मतांनी पडला.