पटावरचे फुटबॉल आणि फाशांचे गणित

2014, 2018 आणि 2022 या तिन्ही फुटबॉल विश्वचषकांत प्रत्येकी 64 सामने झाले. गोल झाले अनुक्रमे 171, 169 आणि 172. संघ बदलले, खेळाडू बदलले, डावपेच बदलले, तरी सामन्यामागे 2.6 ते 2.7 गोल ही सरासरी जागची हलली नाही. फुटबॉलवर पटखेळ रचायला बसणाऱ्याने सगळ्यात आधी हा आकडा समोर ठेवावा. बहुतेक जण हिरव्या पटापासून आणि 22 सोंगट्यांपासून सुरुवात करतात. पट देखणा होतो, पण पहिल्या डावात 11-9 असा निकाल लागतो आणि दुसऱ्यात दोन तास खेळूनही गोलच होत नाही.

गोल ही विरळ घटना आहे. विरळ घटना किती वेळा घडेल याचे गणित सिमेऑं पॉइसाँ या फ्रेंच गणितज्ञाने 1837 मध्ये मांडले, आणि 1898 मध्ये बोर्टकिएविच या संख्याशास्त्रज्ञाने तेच गणित प्रशियाच्या घोडदळात घोड्याच्या लाथेने मेलेल्या सैनिकांच्या नोंदींना लावून दाखवले. फुटबॉलच्या गोलांनाही ते बऱ्यापैकी लागू पडते. समजा, एका संघाची सरासरी सामन्यामागे 2 गोल आहे आणि दुसऱ्याची 1. म्हणजे पहिला दुप्पट ताकदीचा. तरीही पॉइसाँच्या सूत्राने तो जेमतेम 61 टक्के सामने जिंकतो, 21 टक्के बरोबरीत सुटतात आणि 18 टक्के सामन्यांत दुबळा संघ बाजी मारतो. फुटबॉलची सारी धाकधूक या 18 टक्क्यांत आहे, आणि पटावर ती उतरली नाही तर बाकी कितीही बारकावे आणले तरी तो खेळ फुटबॉलसारखा वाटत नाही.

ती फाशांनी आणता येते. ब्रिटिश हवाई दलात हिशेबनीस असलेल्या चार्ल्स रीप यांनी 1950 पासून सामन्यांच्या हाताने नोंदी ठेवल्या. 1968 मध्ये संख्याशास्त्रज्ञ बर्नार्ड बेंजामिन यांच्यासोबत लिहिलेल्या शोधनिबंधात त्यांनी दाखवले की साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. दोन फाशांच्या 36 जोड्यांपैकी 4 जोड्यांची बेरीज 9 येते, म्हणजे शक्यता नवात एक. प्रत्येक संघाला 12 शॉट द्या आणि 9 पडले की गोल धरा. सामन्यामागे सरासरी 2.67 गोल होतील, थेट विश्वचषकाइतके.

आकडे जुळले, पण हा अजून खेळ नाही, सोडत आहे. खेळणाऱ्याने कुठून मारायचे, कधी मारायचे, आणखी एक पास द्यायचा का, हे ठरवले पाहिजे आणि त्या ठरवण्याला किंमत असली पाहिजे. इथे भूमिती मदतीला येते. गोलची रुंदी 7.32 मीटर. 11 मीटरवरच्या पेनल्टीच्या ठिपक्यावरून ती सुमारे 37 अंशांत दिसते, 22 मीटरवरून 19 अंशांत. शिवाय अंतर वाढले की गोलरक्षकाला सावरायला वेळ मिळतो. म्हणून पटावर समोरून 11 मीटरच्या घरातून 10 किंवा जास्त बेरीज लागेल (17 टक्के) आणि दुरून थेट 12 (3 टक्के). पेनल्टीला 6 किंवा जास्त पुरे: 72 टक्के, प्रत्यक्षातल्या चारात तीनच्या जवळ. आता जवळ पोचण्यासाठी धोका पत्करायचा की दुरूनच नशीब आजमावायचे, हा प्रश्न खेळणाऱ्यापुढे खरोखर उभा राहतो. कारण पास देणेही फुकट नाही. एक पास सहात पाच वेळा यशस्वी होत असेल, तर सलग पाच पास जुळण्याची शक्यता फक्त 40 टक्के उरते.

घरे चौकोनी न ठेवता षटकोनी ठेवावीत. चौकोनी पटावर तिरका धावणारा खेळाडू एका चालीत 41 टक्के जास्त अंतर कापतो आणि सगळे जण तिरकेच पळू लागतात. षटकोनाला सहाही शेजारी सारख्याच अंतरावर असतात. 105 मीटरच्या मैदानाला लांबीत 21 घरे पुरतात, घरामागे 5 मीटर.

खरी अडचण वेळेची आहे. बेसबॉल, क्रिकेट, कबड्डी हे खेळ मुळातच तुकड्यांत चालतात: एक चेंडू, एक चढाई, मग पुढची. बेसबॉलच्या पटखेळांना म्हणूनच लवकर यश आले. 1961 च्या स्ट्रॅट-ओ-मॅटिकमध्ये तीन फासे असतात. त्यातला एक 1 ते 3 पडला तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा, 4 ते 6 पडला तर गोलंदाजाच्या. श्रेय दोघांत निम्मेनिम्मे वाटण्याची ही युक्ती मला आजही या क्षेत्रातली सर्वांत सुंदर वाटते. फुटबॉल, हॉकी, बास्केटबॉल मात्र वाहते खेळ आहेत. माझी पाळी चालू असताना तुमचे बचावपटू पुतळ्यासारखे उभे राहिले, तर माझा आघाडीपटू त्यांच्या मधून निघून जाईल. यावर एक उपाय म्हणजे प्रत्येक सोंगटीला शेजारच्या घरांवर हक्क द्यायचा: तिथून चेंडू गेला की फासा टाकून तो अडवता येतो. दुसरा उपाय मला जास्त आवडतो. कोणतीही कृती फसली की पाळी तिथेच संपते. ब्लड बाउल या पटखेळात 1994 च्या तिसऱ्या आवृत्तीपासून हाच नियम आहे.

या एका नियमाने डोक्याला केवढे खाद्य मिळते पाहा. समजा, मला दोन कृती करायच्या आहेत: एक सोपी, सहात पाच वेळा जमणारी, दुसरी अवघड, निम्म्या वेळाच जमणारी. क्रम कोणताही ठेवला तरी दोन्ही जमण्याची शक्यता तीच, 12 पैकी 5. पण सोपी आधी केली तर पाळीमागे सरासरी 1.25 कृती पदरात पडतात, अवघड आधी केली तर 0.92. म्हणून आधी बचाव नीट लावून घ्यायचा आणि मग धोक्याचा पास टाकायचा. चांगला संघ मैदानावर हेच करतो. नियमपुस्तिकेत ते कुठेही लिहावे लागत नाही, नियमातूनच उगवते.

खेळाडूंच्या गुणवत्तेसाठी फाशाच्या बेरजेत एकाची भर घालता येते. एकच फासा असेल तर ही भर मध्ये कुठेही तेवढीच जड, सहाव्या भागाइतकी. दोन फासे असले की चित्र बदलते. 8 ऐवजी 7 लागले तर 36 पैकी 15 जोड्यांच्या 21 होतात. 12 ऐवजी 11 लागले तर 1 च्या फक्त 3. म्हणजे गुणवत्ता तुल्यबळ झुंजीत सर्वाधिक वजन टाकते आणि अशक्यप्राय गोष्ट जवळपास अशक्यच राहते. खेळाच्या स्वभावाला हे फार जवळचे आहे, म्हणून मी दोन फाशांच्याच बाजूने आहे.

यानंतर चाचणी, आणि तिथे घाई नडते. दहा डाव खेळून काढलेली गोलांची सरासरी सहज एकाने इकडेतिकडे होऊ शकते. शंभर डावांनंतरही 0.3 चा फरक उरतो. संगणकावर हजारो डाव चालवले तरच आकड्यावर विसंबावे. माणसांसोबतचे डाव कंटाळा कुठे येतो हे पाहायला राखून ठेवावेत. आणि एका वेळी एकच आकडा बदलावा. 1925 मध्ये ऑफसाइडच्या नियमात आघाडीपटू आणि गोल यांच्यामध्ये हवे असलेले प्रतिस्पर्धी तीनवरून दोन केले, बाकी काही बदलले नाही. इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये तेवढ्याच, म्हणजे 1,848 सामन्यांतले गोल एका हंगामात 4,700 वरून 6,373 वर गेले.