मल्टिकास्टचं घोडं वेशीवर का अडलं?

आपल्याच नेटवर्कमध्ये मल्टिकास्ट चालवणं आता फारसं अवघड नाही. टीव्हीचे चॅनेल, शेअर बाजाराचे भाव असेच पोहोचतात: पाठवणारा एकच प्रत सोडतो, वाट जिथे फुटते तिथे राउटर तिच्या प्रती काढतो. दुसऱ्याच्या नेटवर्कची वेस लागली की कटकट सुरू.

मूळ कल्पना स्टॅनफर्डच्या स्टीव्ह डीअरिंग यांची. १९८९ च्या आरएफसी १११२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांक दिलेले दस्तऐवज) मधल्या मांडणीनुसार ऐकणाऱ्याने फक्त ग्रुपचा पत्ता सांगायचा. बोलणारा कोण, कुठला, हे शोधणं नेटवर्कच्या गळ्यात. पुढची बहुतेक दुखणी या सोयीतूनच निघाली, असं मला वाटतं.

मार्च १९९२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफच्या सॅन डिएगो बैठकीचा आवाज एमबोनवरून दूरदूर ऐकू गेला. एमबोन म्हणजे मल्टिकास्ट न कळणाऱ्या राउटरना ओलांडून टाकलेले टनेल. दोन्ही टोकांना वर्कस्टेशनवर एमराउटेड हा वाट काढणारा प्रोग्रॅम. १९९४ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या डॅलसमधल्या कार्यक्रमाचा तुकडाही त्यावरून गेला. पण त्याची वाट ठरवणाऱ्या डीव्हीएमआरपी या प्रोटोकॉलचा खाक्या असा, की आधी सगळीकडे पॅकेट ओतायचे आणि नको तिथली फांदी मागाहून छाटायची. जाळं वाढल्यावर हे परवडेना.

मग पिम स्पार्स मोड हा दुसरा प्रोटोकॉल आला. त्यात बोलणारे आणि ऐकणारे आरपी नावाच्या एका राउटरपाशी भेटतात. पण आपल्या गिऱ्हाइकांसाठी दुसऱ्या कंपनीच्या आरपीवर कोण विसंबणार? प्रत्येकाने आपापला आरपी ठेवला आणि ते एमएसडीपी या प्रोटोकॉलने जोडले. टीसीपी पोर्ट ६३९ वरून ते एकमेकांना कळवत राहतात: अमुक सोर्स (बोलणारा) अमुक ग्रुपवर बोलतोय. हा निरोप म्हणजे एसए. ही तात्पुरती सोय होती. कायमचा इलाज ठरणारं बीजीएमपी हे प्रोटोकॉल कागदावरच राहिलं. एमएसडीपीचा आरएफसी निघाला तो वापर रुळल्यावर, २००३ मध्ये, आणि तोही ‘प्रायोगिक’ म्हणून!

जानेवारी २००१ मध्ये रामेन वर्मने (आपोआप पसरणाऱ्या घातक प्रोग्रॅमने) या सोयीची परीक्षा घेतली. रेड हॅट लिनक्सवर पसरणारा हा वर्म वाटेल ते पत्ते चाचपायचा, त्यात मल्टिकास्टचेही. चाचपलेला प्रत्येक पत्ता आरपीला नवा ग्रुप वाटे, आणि तो इमानेइतबारे शेजाऱ्यांना एसए धाडे. राउटर गुदमरले. एसएवर फिल्टर आणि मर्यादा हव्यातच, हा धडा तेव्हा मिळाला.

एसएसएम या नव्या पद्धतीत ऐकणारा ग्रुपबरोबर सोर्सचा पत्ताही सांगतो, त्यामुळे आरपी नको आणि एमएसडीपीही नको. त्यासाठी २३२ ने सुरू होणारे पत्ते राखून ठेवले आहेत. डोमेनांमध्ये, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जाताना, फक्त ग्रुप सांगायची जुनी पद्धत सोडा, असं २०२० च्या आरएफसी ८८१५ ने स्पष्टच सांगितलं.

आरपीएफ ही उलट वाटेची तपासणी मात्र सुटलेली नाही. सोर्सकडे परत जायची वाट ज्या इंटरफेसवरून आहे, तिथूनच पॅकेट आलं पाहिजे. नाहीतर राउटर ते मुकाट टाकून देतो. युनिकास्ट (एकाकडून एकाकडेच जाणारी नेहमीची वाहतूक) एका लिंकवरून आणि मल्टिकास्ट दुसरीवरून असेल, तर घात होतो. १९९८ मध्ये नेटवर्कांना एकमेकांच्या वाटा कळवणाऱ्या बीजीपीला मल्टिप्रोटोकॉल जोड मिळाली आणि मल्टिकास्टसाठी वेगळी वाट सांगता येऊ लागली. तरी ‘चित्र दिसत नाही’ अशी तक्रार आली की मी ऐकणाऱ्याजवळच्या राउटरवर एमरूट टेबल, म्हणजे मल्टिकास्टच्या वाटांची यादी, उघडतो. सोर्स आणि ग्रुप दोन्ही दिसतात, आणि इनकमिंग इंटरफेससमोर लिहिलेलं असतं ‘नल’, म्हणजे काहीच नाही.