नाण्यावरचा बोटाचा ठसा आणि कापडाचा गैरसमज

नाण्यावर उमटलेला बोटाचा ठसा मऊ कापडाने पुसला की नाणे पूर्ववत होते, हा संग्राहकांमधील जुना समज चुकीचा आहे. घामात क्षार, आम्ले आणि तेलकट द्रव्ये असतात. त्यांतील क्लोराइडची तांब्याशी अभिक्रिया होऊन काही काळाने ठशाच्या रेषा धातूच्या पृष्ठभागातच कायमच्या उमटतात. ताजा ठसा, नाणे शुद्ध अ‍ॅसिटोन या द्रावकात बुडवून आणि अजिबात न घासता, बहुधा काढता येतो. जुना ठसा घासल्याने मात्र केवळ बारीक ओरखडे वाढतात, आणि जाणकार ग्राहक ठशापेक्षा ओरखड्यांनाच अधिक नाके मुरडतात.

हानी सर्व नाण्यांना सारखी पोचत नाही. सोने जवळजवळ निर्धास्त असते, तर व्यवहारात झिजलेल्या शिवराईला, म्हणजे मराठेशाहीतल्या तांब्याच्या नाण्याला, एखाद्या स्पर्शाने फारसा फरक पडत नाही. तिचा खरा घात होतो तो चिंच लावून उजळवल्याने, कारण त्यात शतकांचा नैसर्गिक थर निघून जातो. याउलट मुंबई टांकसाळीच्या प्रूफ नाण्याच्या, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेल्या चकचकीत नाण्याच्या, आरशासारख्या पृष्ठभागावर एकच ठसाही ठळक दिसतो आणि किंमत उतरवतो. म्हणून असे नाणे नेहमी कडेनेच धरावे.